जिचं नाव मुखपृष्ठावर नव्हतं

मार्च १९६३. न्यूयॉर्कमधला एक स्टुडिओ. सॅक्सोफोनवर अमेरिकन स्टॅन गेट्झ, पियानोवर संगीतकार आंतोनिओ कार्लोस जोबिम आणि गिटार घेऊन गायला बसलेला जोआंव जिल्बेर्तो. बोसा नोव्हा या ब्राझीलच्या हळुवार संगीतशैलीची एक रेकॉर्ड तयार होत होती. जोआंव गाणार पोर्तुगीजमध्ये. अमेरिकेत खपायचं तर एखादं कडवं इंग्रजीत हवं. ते गायली जोआंवची बावीस वर्षांची बायको, आस्त्रूद. तिचा आवाज याआधी कुठल्याच रेकॉर्डवर आलेला नव्हता.

गाणं होतं 'द गर्ल फ्रॉम इपानेमा'. रिओच्या किनाऱ्यावरून चालत जाणाऱ्या मुलीचं.

आता तिचा आवाज नीट ऐका. कंप नाही, हरकत नाही, कुठेही जोर नाही. माइकच्या अगदी जवळ, बोलल्यासारखं गाणं. तालाच्या किंचित मागे रेंगाळतात शब्द, पण सूर हलत नाही. हे आपोआप येत नाही. जोआंव एकेक ओळ दिवसदिवस घोटणारा माणूस. आस्त्रूद त्याच्याच घरात असं गाणं ऐकत, गात होती. १९६० साली रिओमधल्या एका कार्यक्रमात ती त्याच्यासोबत रंगमंचावर गायलीही होती. म्हणून 'नशिबाने गायिका झालेली गृहिणी' ही तिची ओळख मला फार खटकते.

रेकॉर्ड बाजारात आली १९६४ मध्ये. अल्बमवरचं गाणं पाच मिनिटांहून मोठं. रेडिओसाठी निर्माता क्रीड टेलर यांनी ते कापलं, आणि कात्री चालली ती जोआंवच्या पोर्तुगीज गाण्यावर. उरला आस्त्रूदचा आवाज आणि गेट्झचा सॅक्सोफोन. बीटल्स या ब्रिटिश बँडच्या लाटेत अमेरिका बुडाली असताना हे गाणं बिलबोर्ड मासिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत चढलं. १९६५ मध्ये त्याला 'रेकॉर्ड ऑफ द इयर'चं ग्रॅमी मिळालं.

अल्बमच्या मुखपृष्ठावर मात्र तिचं नाव नव्हतं. नावं होती गेट्झ, जोआंव आणि जोबिम यांची. ज्या आवाजाने रेकॉर्ड घराघरांत पोचवली, त्या आवाजाची ही किंमत! त्याच सुमारास तिचा संसारही मोडला.

ती थांबली नाही. गेट्झच्या वाद्यवृंदासोबत तिने दौरे केले, १९६५ मध्ये तिचा स्वतःचा अल्बम आला. पुढे इंग्रजी, पोर्तुगीज, इटालियन, जपानी अशा भाषांत ती गायली आणि स्वतः गाणी लिहूही लागली. जून २०२३ मध्ये, वयाच्या ८३ व्या वर्षी, फिलाडेल्फियात तिचं निधन झालं. त्यानंतर जगभरच्या वर्तमानपत्रांतल्या मथळ्यांत नाव होतं आस्त्रूद जिल्बेर्तो.