टाळ्या कुणाच्या?

(पडदा काळा. वाद्यवृंद सूर जुळवतोय. मग टाळ्यांचा कडकडाट.)

प्रकाशझोतात एक बोका येतो. अंगात टेलकोट, मान ताठ. वाकून नमस्कार करतो, ग्रँड पियानोसमोर बसतो आणि अशा थाटात पहिला सूर लावतो, की बघणाराही नकळत सावरून बसतो. विश्वास बसत नाही, पण हा टॉमच. एरवी उंदराच्या मागे धावताना घरातली एक कपबशी शिल्लक न ठेवणारा.

'टॉम अँड जेरी' मालिकेतलं कार्टून, 'द कॅट काँचर्टो'. साल १९४७, लांबी जेमतेम सात-आठ मिनिटं. दिग्दर्शक विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा, स्टुडिओ एमजीएम, संगीत स्कॉट ब्रॅडली यांचं. टॉम वाजवतो ती रचना मात्र शंभर वर्षं जुनी. फ्रान्झ लिस्टची 'हंगेरियन ऱ्हॅप्सडी क्रमांक २'.

(दृश्य: पियानोच्या पोटात, हातोड्यांवर झोपलेला जेरी.)

या रचनेचे दोन भाग. आधी संथ, जड पावलांचा 'लासान', मग धावत सुटणारा 'फ्रिश्का'. विलंबित संपून द्रुत सुरू व्हावी, तसंच. आणि द्रुत एकदा सुरू झाली की मध्येच थांबायची सोय नाही. टॉमची सगळी कोंडी इथेच आहे.

टॉमने पट्टी दाबली की आत हातोडी उडते आणि तिच्यावर झोपलेला जेरी उडतो. झोपमोड झालेला उंदीर बाहेर येतो, टॉमची नक्कल करतो. घरात असते तर टॉमने झाडू उचलला असता. इथे समोर प्रेक्षक आहेत. भर मैफलीत गवयाच्या पायाला मुंगी चावावी, तसा तो चेहऱ्यावरची रेघ हलू देत नाही. वाजवता वाजवताच बोटाच्या एका टिचकीने जेरीला उडवून देतो.

(दृश्य: बोटांवर आदळणारं झाकण. पट्ट्यांमध्ये कात्री. मग उंदराचा सापळा.)

हा सापळ्याचा प्रसंग नीट बघा. जेरीने पट्ट्या काढून त्या जागी सापळा ठेवलाय. टॉमची बोटं त्याच्या या बाजूला पडतात, त्या बाजूला पडतात, पुन्हा या बाजूला. प्रत्येक वेळी आपण श्वास रोखतो. आणि मग खटकन!

गंमत म्हणजे इतक्या धुमाकुळातही बोटं भलत्याच पट्टीवर पडल्यासारखी वाटत नाहीत. सेकंदाला चोवीस चौकटी, सगळं हाताने काढलेलं. केन म्यूस, एड बार्ज, अर्व्हन स्पेन्स यांच्यासारख्या ॲनिमेटरांनी बोक्याच्या पंजाला पियानोवादकाचा हात दिला. प्रत्यक्षात पियानो कुणी वाजवला? श्रेयनामावलीत त्या वादकाचं नावच नाही.

मध्येच जेरी हातोड्यांवर नाचू लागतो आणि लिस्टच्या मैफलीत चक्क रेल्वेचं एक गाणं घुसतं. ते एमजीएमच्याच 'द हार्वे गर्ल्स' या सिनेमातलं. म्हणजे घरची जाहिरातही उरकून घेतली!

(दृश्य: दुसरा पियानो, दुसरा कलावंत.)

शेजारच्या वॉर्नर ब्रदर्समध्ये याच सुमारास काय चाललं होतं? फ्रिझ फ्रेलेंग यांचा 'ऱ्हॅप्सडी रॅबिट'. पियानोवर बग्ज बनी, समोर लिस्टची हीच रचना आणि त्रास द्यायला, हो, उंदीरच. तो १९४६ च्या अखेरीस झळकला. दोन्ही स्टुडिओंनी एकमेकांवर चोरीचा आळ घेतला. फ्रेलेंगने ही रचना १९४१ मध्येच एका कार्टूनसाठी वापरली होती, हेही खरं. पण निव्वळ करमणूक बघायची तर माझं मत बोक्याला. बग्ज मुळातच टवाळ, त्याची अब्रू जायचा प्रश्नच नाही. टॉमची अब्रू पणाला लागलेली असते, म्हणून तर हसू येतं.

मार्च १९४७ मध्ये ऑस्करही टॉमलाच मिळालं. मालिकेचं हे लागोपाठ चौथं. त्या रेल्वेच्या गाण्यालाही त्याच रात्री ऑस्कर मिळालं. कार्टूनच्या ऑस्करची बाहुली मात्र निर्माते फ्रेड क्विंबी यांच्या नावावर. मालिकेला एकूण सात ऑस्कर मिळाले, पण ते घ्यायला हॅना-बार्बेरांना कधी मंचावर बोलावलं गेलं नाही.

(दृश्य: शेवटची द्रुत. निवेदन थोडं थांबतं, पियानो ऐकू द्यावा.)

चिडलेल्या जेरीने दोन हातोड्या मोडून हातात घेतल्यात आणि आतून तो स्वतःच वाजवतोय, वेड्यासारखा. टॉमला आता फक्त गाठायचंय. सम आली असं वाटतं, टॉम हात खाली टाकतो, तर आतून पुन्हा सुरू. पुन्हा सम, पुन्हा सुरू. टेलकोटाची इस्त्री केव्हाच मोडलीय.

अखेरचा सूर वाजतो. टॉम पियानोवर कोसळतो. सभागृह टाळ्यांनी दणाणतं. प्रकाशझोत बोक्यावरून सरकत जातो आणि एका चिमुकल्या टेलकोटावर थांबतो. जेरी वाकून नमस्कार करतो.

(पडदा.)