गळकी बादली, जिवंत मुळे

कडी तुटलेली ही बादली भंगारात निघाली होती. रोप लावण्याच्या दृष्टीने तिच्यात एकच उणीव आहे: ती पुरेशी गळत नाही.

तळाला छिद्र नसलेल्या भांड्यात जास्तीचे पाणी साचते, मातीच्या कणांमधली हवेची जागा व्यापते आणि प्राणवायूअभावी मुळे कुजू लागतात. वर पाने मात्र तहानल्यासारखी माना टाकतात, म्हणून आपण आणखी पाणी घालतो आणि उरलेसुरले रोपही घालवून बसतो. त्यामुळे माती भरण्याआधी तळाला पाच-सहा छिद्रे पाडावीत. छिद्रांवर जाळीचा तुकडा किंवा सुती चिंधी अंथरली, तर पाण्याबरोबर माती वाहून जात नाही.

तळाशी खडे किंवा खापऱ्या घालण्याची सवय फार जुनी असली, तरी तिचा परिणाम अपेक्षेच्या उलट होतो. मातीच्या बारीक पोकळ्यांनी केशाकर्षणाने धरून ठेवलेले पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजासहजी उतरत नाही. त्यामुळे ओलीचिंब माती खड्यांच्या वर, म्हणजे मुळांच्या आणखी जवळ राहते. शिवाय भांड्याची खोली वाया जाते ती वेगळीच. पालेभाज्यांना 15 ते 20 सेंटिमीटर खोल माती पुरते, म्हणून त्यांना पसरट टबही चालतो. टोमॅटोला मात्र किमान 30 सेंटिमीटर खोली हवी. वीस लिटरची बादली ओल्या मातीने भरली की ती एकट्याने उचलणे अवघड होते, म्हणून तिची जागा आधीच ठरवावी.

रंगाचे किंवा कीटकनाशकाचे डबे कितीही धुतले, तरी त्यांत खाण्याची भाजी लावू नये. पत्र्याचा डबा उन्हात तापतो आणि गंजतो. गोणपाट हवेशीर खरे, पण ते लवकर कुजते.

पाण्याची बाटली मात्र रोपांसाठी फार उपयोगी आहे. ती मधोमध कापून, बूच लावलेला वरचा भाग उलटा करून खालच्या भागात बसवावा. बुचाला भोक पाडून त्यातून जुन्या बनियनची पट्टी ओवावी. तिचे एक टोक मातीत आणि दुसरे खालच्या पाण्यात राहील, असे पाहावे. माती सुकत जाते तसतसे पट्टीतून पाणी वर चढते आणि दोन-तीन दिवस बाहेर राहावे लागले, तरी लहान रोप तग धरते. पट्टी सुती असल्याने काही महिन्यांत कुजते. तेव्हा त्याच बनियनची दुसरी पट्टी कापून घ्यावी.