आधी विचारणारी कंपनी

विषय छापलाय 'मोटरसायकलच्या विम्यासाठी कंपनी कशी निवडावी'. त्यावर बोलणारच आहे, पण आधी एक करा. ज्यांच्याकडे मोटरसायकल आहे त्यांनी हात वर करा. वा, निम्मं सभागृह! आता ज्यांनी आपली पॉलिसी अपवादांच्या पानांसकट वाचलीय, त्यांनीच हात वर ठेवा... बघा, आता मला मागच्या भिंतीवरचं घड्याळ स्वच्छ दिसायला लागलं.

आपण कंपनी निवडतो ती हप्ता बघून. ज्याचा हप्ता कमी, ती कंपनी चांगली. माझं म्हणणं वेगळं आहे आणि भेटेल त्याला मी ते ऐकवत असतो. पैसे घेण्याआधी जी तुम्हाला नेमके प्रश्न विचारते, ती कंपनी निवडा. काहीही न विचारता झटपट पॉलिसी हातात देणारी कंपनी तेच प्रश्न अपघातानंतर विचारते, आणि तेव्हा तुमचं उत्तर काहीही असलं तरी ते तुमच्याच विरुद्ध जातं.

हे माझ्या मनचं नाही. यामागे १७६६ सालचा एक खटला आहे. सुमात्रा बेटावर बेंकुलेन इथे ईस्ट इंडिया कंपनीचा एक किल्ला होता, फोर्ट मार्लबरो. तिथला गव्हर्नर जॉर्ज कार्टर. परकीय शत्रूने किल्ला घेतला तर भरपाई मिळावी, म्हणून त्याच्या भावाने लंडनमध्ये त्याच्यासाठी विमा उतरवला. मुदत एक वर्षाची. ती संपायच्या आत, १७६० मध्ये, फ्रेंच आले आणि किल्ला घेतला. कार्टरने पैसे मागितले. विमा देणारे बोम म्हणाले, देणार नाही. का? तर किल्ला युरोपी फौजेपुढे टिकणारा नव्हता हे सांगितलं नाही, फ्रेंच येण्याची शक्यता होती हेही सांगितलं नाही.

पुढे न्यायाधीश होते लॉर्ड मॅन्सफील्ड. विमा हा विश्वासाचा करार आहे, ठाऊक असलेलं लपवू नये, हे तत्त्व त्यांनी याच निकालात मांडलं. ते सगळ्यांना पाठ आहे. पण खटला जिंकला कोण? कार्टर! मॅन्सफील्ड यांचं म्हणणं असं की, किल्ल्याची अवस्था गव्हर्नरला ठाऊक असणारच हे विमेवाल्यांना कळत होतं. तरी त्यांनी विचारलं नाही आणि हप्ता घेतला. मग आता 'सांगितलं नाही' अशी तक्रार करायची नाही. शिवाय हा विश्वास दोन्ही बाजूंना बांधतो. जहाज बंदरात सुखरूप पोचलंय हे आतून माहीत असताना विमेवाल्याने त्या सफरीचा हप्ता घेतला, तर तो त्याला परत द्यावा लागेल.

आता माझी खरी तक्रार. या निकालातला ग्राहकावरचा भाग तेवढा वाढत गेला. ब्रिटनच्या १९०६ च्या सागरी विमा कायद्यात तर महत्त्वाची प्रत्येक गोष्ट ग्राहकाने आपणहून सांगितलीच पाहिजे, असं पक्कं झालं. महत्त्वाची कुठली, हे सामान्य माणसाने ओळखायचं! ग्राहकाच्या डोक्यावरचं हे ओझं तिथे उतरलं ते २०१२ च्या कायद्याने. त्यात प्रश्न विचारायची जबाबदारी कंपनीवर आली आणि ग्राहकाने काळजीपूर्वक खरं उत्तर द्यायचं, एवढंच उरलं. मधली शंभराहून अधिक वर्षं गेली ती गेलीच.

एका तरुणाचं प्रकरण मी जवळून पाहिलंय. दिवसा नोकरी, संध्याकाळी मोटरसायकलवरून पार्सलं पोचवायची. पॉलिसी काढताना गाडीचा नंबर, मॉडेल आणि वर्ष एवढंच विचारलं गेलं. पार्सल पोचवताना अपघात झाला. मग मात्र कंपनीने पार्सलं कधीपासून, किती, कोणासाठी, पैसे किती, सगळं खोदून विचारलं. खाजगी वापराची पॉलिसी, व्यावसायिक वापर, दावा नामंजूर. 'गाडी कशासाठी वापरता?' हा एक प्रश्न आधी विचारला असता, तर तो मुलगा थोडा जास्त हप्ता भरून सुरक्षित राहिला असता. मला त्या प्रकाराचा आजही राग येतो.

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय, पाचच मिनिटं. बरोबर आहे, कबूल केलेला भाग राहिलाच की! भराभर सांगतो.

इतरांच्या नुकसानीचा, म्हणजे थर्ड पार्टी विमा बहुतेक देशांत सक्तीचा आहे. त्याचा गाभा कायद्यानेच ठरतो, त्यामुळे तिथे कंपन्यांत फार फरक नसतो. फरक दिसतो तो स्वतःच्या गाडीचं नुकसान आणि चोरी यांत. तिथे आधी विचारा: गाडी पूर्ण गेली तर ठरलेली रक्कम मिळणार की त्या दिवसाचा बाजारभाव? प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर घसारा, म्हणजे जुनेपणाची वजावट, किती कापणार? दाव्यातला पहिला किती खर्च माझ्या खिशातून? हप्ता अचानक स्वस्त दिसला तर बहुधा हाच आकडा वाढवलेला असतो. बदललेला सायलेन्सर, बसवलेली पेटी, मागे बसणारा माणूस, दुसऱ्याने चालवलेली गाडी, यांचं काय? चोरी झाली तर दोन्ही किल्ल्या लागतील का? उत्तर लेखी घ्या. लेखी द्यायला टाळाटाळ झाली तर तिथेच थांबा.

'इतके टक्के दावे मंजूर' या जाहिरातीवर जाऊ नका. नऊ आरसे भरून दिले आणि एक आख्खी गाडी नाकारली, तरी मंजुरी ९० टक्केच दिसते. जमलेल्या हप्त्यांपैकी किती पैसा दाव्यांत परत जातो, ते बघा. प्रमाण फार कमी असेल तर कंपनी हात आखडता घेते, आणि वर्षानुवर्षं शंभर टक्क्यांच्या वर असेल तर ती फार काळ इतके पैसे देऊ शकणार नाही.

दावा न केल्याची सवलत सहसा गाडीची नसते, माणसाची असते. तेव्हा ती बुडेल या भीतीने नको असलेल्या कंपनीत अडकून राहू नका. नवीन कंपनीकडे जाताना जुने दावे मात्र खरेच सांगा, ते तपासले जातात. आणि जुनी पॉलिसी संपायच्या आत नवी सुरू झाली पाहिजे, मध्ये एक दिवसही रिकामा नको.

घसाऱ्यावर अजून बोलायचं होतं, पण अध्यक्ष उभे राहिलेत. ज्यांनी पॉलिसी बरोबर आणलीय त्यांनी थांबा, अपवादांचं पान आपण एकत्र वाचू.