सातबाऱ्यावरचे दोन ठिपके

समोर रावेर-यावलची मंडळी दिसताहेत, म्हणजे वावर काय ते मी शिकवायला नको. नकाशातल्या वावराचं तेवढं बोलतो. जीआयएसमध्ये, म्हणजे संगणकावरच्या नकाशा-प्रणालीत, प्रत्येक गटामागे तक्त्याची एक ओळ असते: गट नंबर, खातेदार, पीक, क्षेत्र. या तक्त्यातली आकडेमोड हाताने करू नका, स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला द्यायच्या सूचना, लिहा, एवढाच आजचा विषय. पण आधी माझं गाऱ्हाणं ऐकावं लागेल.

सातबाऱ्यावर क्षेत्र लिहितात १.०५.००. हेक्टर, आर, चौरस मीटर. आकडा एक, ठिपके दोन. एक्सेलला तो आकडा वाटतच नाही, म्हणून बेरीज येत नाही. मग कुणीतरी हुशार माणूस एकेक ठिपका खोडत बसतो. एका कार्यालयाकडून आमच्याकडे केळीच्या पाहणीसाठी असाच ‘सुधारलेला’ तक्ता आला. त्यात कितीतरी गटांपुढे १.५. आता हे एक हेक्टर पाच आर, की पन्नास? (मागून कुणीतरी म्हणालं, ‘अनुदान असेल तर पन्नास!’ बरोबर आहे.) हसू नका, फरक ४५ आरचा आहे, एकराहून जास्त. दीड बाय दीड मीटरवर लावली तर केळीची दोन हजार खोडं! कुठून आली, कुठे गेली? विचारलं तर तिघांनी एकमेकांकडे बोटं दाखवली. तक्त्यात उत्तर राहतं, रीत राहत नाही. माझं भांडण तेवढ्याशीच आहे.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. अध्यक्षांच्या भाषणाला चिठ्ठी नव्हती, असो.

तर पायथन, म्हणजे स्क्रिप्ट लिहायची भाषा. क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमधला, तक्त्यातली आकडेमोड करणारा फील्ड कॅल्क्युलेटर एका लेयरला, म्हणजे नकाशाच्या एका थराला, पुरतो. गावोगावचे लेयर असले की स्क्रिप्टच हवी. मजकूर ठिपक्यावर तोडा. तीन तुकडे आले तर पहिल्या कॉलममध्ये हेक्टर, अधिक आर भागिले १००, अधिक चौरस मीटर भागिले १०,०००. तीन आले नाहीत तर रकाना रिकामा सोडा आणि गट नंबर वेगळ्या यादीत टाका. अंदाज करायचा नाही, त्या गटाचा मूळ सातबारा काढायचा.

दुसऱ्या कॉलममध्ये नकाशातल्या आकृतीचं क्षेत्र. लेयर अक्षांश-रेखांशात असेल तर पायथनमधलं साधं क्षेत्रफळ चौरस अंशांत येतं, त्याचा शेतकऱ्याला काय उपयोग? आधी यूटीएम ४३ उत्तर या मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशा-पद्धतीत आणा, तिचा सांकेतिक क्रमांक ईपीएसजी ३२६४३. नंदुरबारपासून रावेरपर्यंत सगळा खानदेश त्यात बसतो. तिसऱ्या कॉलममध्ये दोन्हींतला फरक टक्क्यांत, आणि मोठा फरक वर येईल अशी मांडणी. बदल ओळीओळीने जतन करू नका, सगळे जमवून एकदम लिहा, वेळ वाचतो.

आणि शेपफाइल या जुन्या नकाशा-फाइलप्रकारात मराठी कॉलमनावं देऊ नका. नावाला दहाच बाइट मिळतात, यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात देवनागरीची एकेक खूण तीन बाइट खाते. ‘क्षेत्र’सुद्धा मावत नाही. जिओपॅकेज हा नवा फाइलप्रकार वापरा.

स्क्रिप्ट पेनड्राइव्हवर आहे, ज्यांना हवी त्यांनी चहाच्या वेळी घ्या. चालवण्याआधी लेयरची प्रत मात्र काढून ठेवा.