दोन ओळींची माणसं

(पडदा काळा. मधोमध गेम बॉयचा, म्हणजे हातात धरून खेळायच्या यंत्राचा, हिरवट चौकोन उजळतो. बटणाचा टिक आवाज.)

गावाबाहेर जाणारी वाट. वाटेच्या मधोमध एक आजोबा आडवे पडलेत, शेजारी नात उभी. आपण पुढे जाऊ लागलो की आजोबा खेकसतात: ही खासगी जागा आहे, इथून जायचं नाही. नात ओशाळून सांगते, मनावर घेऊ नका, यांची कॉफी व्हायचीय अजून.

हे गाव व्हिरिडियन सिटी. गेम पोकेमॉन: याच नावाचे चित्रविचित्र प्राणी पकडायचे आणि एकमेकांशी लढवायचे. जपानमध्ये तो आला 27 फेब्रुवारी 1996 ला, आणि इंग्रजीत अमेरिकेत पोचला 1998 मध्ये. या दोन वर्षांत आजोबांच्या आयुष्यात एक मोठा बदल झाला. मूळ जपानी गेममध्ये ते कॉफीसाठी खोळंबलेले नाहीत. ते चक्क पिऊन पडलेत. इंग्रजीत येता येता दारूची कॉफी झाली. आपल्याकडेही असं कुणी रस्त्यात आडवं झालं की घरचे 'चक्कर आली' म्हणतात, त्यातलाच प्रकार.

टीव्ही मालिकेतले नायक अ‍ॅश, पिकाचू, मिस्टी, ब्रॉक यांच्याबद्दल आज बोलायचं नाही. त्यांच्याबद्दल खूप बोलून झालंय. आज वाटेवरची माणसं.

(कार्ट्रिजचा क्लोजअप. स्टिकरचा कोपरा सुटलेला.)

आधी एक हिशेब. पहिल्या जपानी कार्ट्रिजमध्ये, म्हणजे गेमच्या डबीत, जागा होती 512 किलोबाइट. आज फोनवर काढलेला एक फोटो याच्या कितीतरी पट भरतो. एवढ्याशा जागेत 151 पोकेमॉन, त्यांची चित्रं, आवाज, संगीत, सगळी गावं आणि गुहा कोंबायच्या होत्या. संवादाच्या चौकटीत एका वेळी दोनच ओळी मावायच्या, इंग्रजीत ओळीला जेमतेम अठरा अक्षरं. गावातल्या माणसाने लांबण लावायची सोयच नव्हती. जे काय आहे ते दोन ओळींत सांग आणि बाजूला हो.

म्हणून तिसऱ्या रस्त्यावरचा तो पोरगा. लढाईआधी तो आपल्याला सांगतो की त्याला हाफ पँट आवडते. घालायला सोपी, अंगाला आरामशीर. संपलं. नाव नाही, गाव नाही, पण तीस वर्षं होत आली तरी खेळलेला माणूस त्याला विसरलेला नाही.

त्याचा भाऊ शोभेल असा जोई पुढच्या गेममध्ये आला, 1999 च्या गोल्ड-सिल्व्हरमध्ये. त्याच्याकडे एकच पोकेमॉन, रॅटाटा. म्हणजे उंदीर. तोही चौथ्या पातळीचा, दोन फटक्यांत गार होणारा. हरल्यावर हा आपला फोन नंबर देतो, आणि मग सुरू होतात फोन. आपण गुहेत अडकलेलो, औषधं संपलेली, आणि फोन वाजतो: जोई. माझा रॅटाटा साधा नाही बरं का. फोनमध्ये जेमतेम दहा नंबर साठवता येतात, आणि त्यातला एक कायमचा याने अडवलेला. नंबर खोडता येतो. खोडवत नाही.

(संगीत बदलतं. बंदर, बोटीचा भोंगा.)

पुन्हा पहिला गेम. व्हर्मिलियन सिटीचा जिम लीडर, म्हणजे ज्याला लढाईत हरवून पुढे जायचं तो गावचा पहिलवान, आहे लेफ्टनंट सर्ज. विजेच्या पोकेमॉनचा उस्ताद, गेममध्ये त्याला सरळ अमेरिकन म्हटलंय. तो आपल्याला दम देताना म्हणतो की युद्धात विजेच्या पोकेमॉननी त्याचा जीव वाचवला.

कुठलं युद्ध?

ते गेम सांगत नाही. दहा-अकरा वर्षांची पोरं एकटी रानोमाळ हिंडतात आणि प्रत्येक गावात मोफत दवाखाना आहे, अशा या जगात कधीतरी माणसं पोकेमॉन घेऊन एकमेकांवर धावली होती. एका फौजीने बढाई मारता मारता तेवढं बोलून टाकलं. चाहत्यांनी या एका वाक्यावर कितीतरी तर्क रचलेत. घरातले बाप बेपत्ता का, शहरांमधून पोरंटोरं आणि म्हातारेच जास्त का दिसतात, सगळं त्या युद्धावर ढकलून मोकळे. मला विचाराल तर यातलं काही बनवणाऱ्यांच्या मनात नसावं. पण फट ठेवली की वारा आत येणारच.

(लॅव्हेंडर टाउन. संगीत नाही, फक्त पावलं.)

आता जरा थांबूया. लॅव्हेंडर टाउन. इथे एक मनोरा आहे, सात मजली, मेलेल्या पोकेमॉनची दफनभूमी. टीम रॉकेट या गुंडांच्या टोळीने मॅरोवॅक नावाच्या एका पोकेमॉनला मारलं, तिचं पिल्लू क्यूबोन पोरकं झालं, आणि आता त्या आईचं भूत सहाव्या मजल्यावर वाट अडवून बसलंय. मुलांच्या गेममध्ये हे आहे, 1996 मध्ये. अशा या गावात मिस्टर फुजी राहतात. पोरके झालेले, टाकून दिलेले पोकेमॉन सांभाळणारे म्हातारे गृहस्थ. क्यूबोनच्या आईचा आत्मा शांत करायला मनोऱ्यावर जातात आणि तिथेच अडकून पडतात. आपण त्यांना सोडवतो, ते आपल्याला बासरी देतात. देवमाणूस.

बरेच तास खेळल्यावर आपण सिनाबार बेटावर पोचतो. तिथे एक पडका वाडा आहे. जळलेला, जमिनीला भोकं पडलेली. आत कुणाच्या तरी डायरीची पानं विखुरलीत. 5 जुलै, गयाना, दक्षिण अमेरिका: जंगलात नवा पोकेमॉन सापडला. 10 जुलै: त्याचं नाव म्यू ठेवलं. 6 फेब्रुवारी: म्यूला पिल्लू झालं, त्याला म्यूटू म्हणतोय. आणि 1 सप्टेंबर: म्यूटू आमच्या आवाक्याबाहेर गेलाय.

डायरीवर सही नाही. पण त्याच बेटावरच्या प्रयोगशाळेत भिंतीवर एक फोटो लावलाय. संस्थापकांचा. डॉक्टर फुजी.

तेच का? गेम हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही. 1998 च्या पहिल्या चित्रपटात म्यूटू घडवणाऱ्या शास्त्रज्ञाचं नाव फुजीच ठेवलं, पण गेममधले म्हातारे त्यावर कधी चकार शब्द काढत नाहीत. लॅव्हेंडरच्या त्या छोट्या घरात पोरक्या जिवांना खाऊ घालणारा माणूस कशाची फेड करतोय, हे आपल्यालाच जोडावं लागतं, तेही एका फोटोवरून. मी हे पहिल्यांदा जोडलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते, आणि उठून घरातला दिवा लावला होता.

(टीव्हीची जुनी चौकट. शाळेचं दप्तर सोफ्यावर.)

आपल्यापैकी बहुतेकांना हे जग भेटलं ते मालिकेतून, कार्टून नेटवर्कवर, हिंदीत. तिथेही वाटेवरची माणसं होतीच. नर्स जॉय, ऑफिसर जेनी. गावोगाव एकाच चेहऱ्याच्या, सगळ्या एकमेकींच्या बहिणी नाहीतर नात्यातल्या. चित्रकारांचा वेळ वाचला, विनोदही झाला. जपानीत तर नावंही फार लांबून आणलेली नाहीत. डॉक्टरीणबाईला तिथे 'जोई' म्हणतात, त्यावरून नर्स झाली जोई. गस्तीच्या पोलिसाला 'जुन्सा', म्हणून ऑफिसर झाली जुन्सा. आपण दवाखान्यातल्या पात्राचं नाव 'सिस्टर' ठेवावं तसं.

टीम रॉकेटची जेसी जपानीत मुसाशी आहे आणि जेम्स कोजिरो. 1612 मध्ये एका बेटावर द्वंद्व खेळलेले हे दोन नामांकित तलवारबाज. या जेसीच्या आईची गोष्ट किती जणांना माहीत आहे? तिचं नाव मियामोटो. तीही टीम रॉकेटमध्ये होती. लहान मुलीला मागे ठेवून ती म्यूच्या शोधात अँडीज पर्वतात गेली आणि परत आली नाही. ही गोष्ट टीव्हीवर कधी आलीच नाही. मालिकेचे मुख्य लेखक ताकेशी शुदो यांनी ती एका श्राव्य नाटकात लिहिली, फक्त जपानीत. टीव्हीवर आपल्याला दिसली ती नुसती गरिबी: ताटात बर्फाचेच पदार्थ आणि ते चवीने खाणारी एक पोरगी. मी लहानपणी त्यावर खदखदून हसलो होतो.

(पाऊस. एक सपाट दगड.)

आणि डेमियन. जून 1997 मध्ये जपानमध्ये दाखवलेला मालिकेचा अकरावा भाग. एका दगडावर चारमँडर नावाचा पोकेमॉन बसलाय, शेपटीच्या टोकाला ज्योत. ज्योत विझली तर जीव जातो. मालक सांगून गेलाय, इथेच थांब, येतो. मालक म्हणजे डेमियन. तो पोकेमॉन सेंटरमध्ये, म्हणजे त्या मोफत दवाखान्यात, मित्रांसमोर हसत बसलाय, अजून वाट बघत असेल बिचारा म्हणून. बाहेर पाऊस सुरू होतो. चारमँडर दगडावरून हलत नाही. एक पान घेतो आणि शेपटीवर धरतो.

स्वतःच्या डोक्यावर नाही. शेपटीवर.

पुढे अ‍ॅश आणि ब्रॉक त्याला वाचवतात, डेमियन परत मागायला येतो, पोकेमॉन पकडायचा बॉल फेकतो, आणि चारमँडर तो बॉल त्याच्याच अंगावर परत टोलवतो. डेमियन पळून जातो. हा पोरगा असा का झाला, त्याच्या घरी कोण होतं, मालिका काहीच सांगत नाही. तेच बरं झालं. त्याला दुःखी बालपण देऊन सोडवून घेतलं असतं तर मला राग आला असता.

(पुन्हा हिरवट चौकोन. तीच वाट.)

जाता जाता आपले कॉफीवाले आजोबा. त्यांचा एक पराक्रम राहिलाच. नंतर वाट मोकळी झाल्यावर ते आपल्याला पोकेमॉन कसा पकडायचा ते करून दाखवतात. तेवढ्यापुरतं पडद्यावर आपल्या नावाच्या जागी त्यांचं नाव यावं लागतं. मग आपलं नाव ठेवायचं कुठे? पहिल्या गेमच्या इंग्रजी आवृत्त्यांत, रेड-ब्लूमध्ये, ते ठेवलंय रानात भेटणाऱ्या पोकेमॉनची यादी असते त्या जागेत. तिथून थेट उडून सिनाबारला गेलं आणि पूर्व किनाऱ्याला घासून पोहलं, की गेम आपल्या नावाचीच अक्षरं पोकेमॉनचे क्रमांक समजून वाचतो. त्यातला एखादा क्रमांक कुणाचाच नसतो. मग समोर उभा राहतो मिसिंगनो, ठिगळं जोडल्यासारखा, आणि झोळीतली सहावी वस्तू 128 ने वाढते. सगळ्या गेमचा सर्वांत गाजलेला घोळ या म्हाताऱ्यापासून सुरू होतो.

गोल्ड-सिल्व्हरमध्ये, तीन वर्षांनंतर, आपण पुन्हा व्हिरिडियनला जातो. आजोबा आहेत. उभे आहेत. एस्प्रेसोचा डबल डोस घेतलाय आणि बोलायला कुणीतरी हवंय. सांगतात, आज दिसत नाही, पण पोकेमॉन पकडण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. पटतंय का तुला?

चौकटीत दोन पर्याय येतात. हो. नाही.

'नाही' मी एकदाच दाबलं. आजोबांनी असं झापलं, की त्यानंतर गेलो तेव्हा गुपचूप 'हो' म्हणून पुढे झालो.