ॲव्हरेज कुणी खाल्लं? – ट्रकचा ईसीएम, चिप आणि कंपनीचा अपडेट

(दृश्य : अमेरिकेतला मोकळा हायवे. एकाच गतीने धावणारा अठरा चाकी ट्रेलर.)

डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. पिस्टन वर येतो, हवा दाबली जाते आणि इतकी तापते, की तिच्यात डिझेलचा फवारा पडताच भडका उडतो. म्हणजे सगळा खेळ त्या फवाऱ्याचा. डिझेल किती सोडायचं आणि नेमकं कधी सोडायचं. 'किती'वर ताकद ठरते. 'कधी'ला मेस्त्री लोक टायमिंग म्हणतात. इंजिनाच्या कंप्युटरला बाहेरून जोडायची चिप बाजारात मिळते. तिच्या जाहिराती कायम ताकदीबद्दल बोलतात, पण खरी भानगड टायमिंगमध्ये आहे.

फवारा जरा आधी सोडला, की डिझेलचा पुरेपूर उपयोग होतो आणि ॲव्हरेज वाढतं. पण सिलिंडरमधलं तापमानही चढतं, आणि त्या उष्णतेत हवेतलाच नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकमेकांशी जोडले जाऊन नायट्रोजनची ऑक्साइडं तयार होतात. इंजिनवाले त्यांना नॉक्स म्हणतात. दिसत नाही, पण फुप्फुसांना त्रास देतो आणि उन्हात ओझोन तयार करतो. फवारा उशिरा सोडला तर नॉक्स कमी होतो. मग मात्र डिझेल जास्त जळतं आणि काजळी वाढते. एक दाबलं की दुसरं वर येतं.

(दृश्य : जुन्या डिझेल पंपाचा क्लोजअप. पान्याने स्क्रू फिरवणारा हात.)

१९८९ साली डॉज राम या पिकअप ट्रकमध्ये कमिन्सचं ५.९ लिटरचं इंजिन आलं, तेव्हा हे सगळं पंपातच ठरलेलं असायचं. पंप बॉशचा, पूर्णपणे मेकॅनिकल. ताकद वाढवायची तर स्क्रू फिरवा, स्प्रिंग बदला, टायमिंगसाठी अख्खा पंप थोडा वळवून पुन्हा आवळा. आपल्याकडच्या कुठल्याही ट्रान्सपोर्ट नगरात हे काम डोळे मिटून करणारे मेस्त्री होते, अजूनही आहेत. पंपाचं डिझेल वाढवलेला ट्रक चढावर कसा धूर सोडतो, हे कसारा घाटात त्याच्या मागे अडकलेल्याला सांगायला नको.

मग कंप्युटर आला. अमेरिकेतले ट्रकवाले त्याला ईसीएम किंवा पीसीएम म्हणतात. त्याच्या पोटात मुख्यतः आकड्यांचे तक्ते असतात, अगदी शाळेतल्या पाढ्यांच्या तक्त्यासारखे. एका बाजूला इंजिनाचे फेरे, दुसऱ्या बाजूला लोड, आणि दोन्ही जिथे मिळतात त्या चौकोनात लिहिलेलं असतं : इतकं डिझेल, अमुक अंशावर. असे अनेक तक्ते. गाडी चालू असताना कंप्युटर सेकंदाला कितीतरी वेळा त्यांच्यात डोकावतो.

चिपवाला हेच आकडे बदलतो. आणि कंपनीचा डीलर अपडेट मारतो, तेव्हा तोही हेच आकडे बदलतो.

(दृश्य : फोर्डच्या ट्रकचं उघडं बॉनेट. कप्प्याच्या मागच्या भिंतीकडे सरकणारा कॅमेरा.)

फोर्डच्या मोठ्या पिकअपमध्ये १९९४ पासून २००३ पर्यंत ७.३ लिटरचं पॉवर स्ट्रोक इंजिन यायचं. इंजिन बनवायची नॅव्हिस्टार, विकायची फोर्ड. चिपच्या धंद्याला या इंजिनाने सुगीचे दिवस दाखवले, कारण त्याच्या कंप्युटरला मागच्या बाजूने एक जादा पोर्ट होतं. कंपनीने ते आपल्या इंजिनिअरांच्या कामासाठी ठेवलं होतं. बाहेरच्यांनी ते बरोबर हेरलं.

चिप बसवायचं काम ऐकायला सोपं. बॅटरी सोडवा, कंप्युटर बाहेर काढा, पोर्टवरचं झाकण उघडा. आत सर्किट बोर्डाची कड दिसते, तिच्यावर तांब्याच्या पट्ट्यांची रांग. पण या पट्ट्यांवर ओल आणि गंज लागू नये म्हणून वॉर्निशसारखा पातळ थर दिलेला असतो. तो बारीक पॅडने घासून काढावा लागतो. जोरात घासला तर पट्टीच उचकटते. अर्धवट घासला तर चिपचा संपर्क नीट होत नाही आणि ट्रक भर रस्त्यात बंद पडतो. चिप बसवल्यावर गाडी झटके खाते, मधूनच बंद होते, अशी तक्रार आली की जाणता माणूस चिप बदलायच्या आधी ती कड पुन्हा पुसायला सांगायचा.

चिपला जोडलेली एक वायर डॅशबोर्डपर्यंत आणायची आणि तिथे फिरवायचं बटण बसवायचं. एका खुणेवर कंपनीची मूळ सेटिंग, एकीवर ट्रेलर ओढायची, एकीवर शर्यतीची. एक खूण तर इंजिन सुरूच होऊ न देणारी, म्हणजे चोरापासून राखण. कल्पना भन्नाट होती, हे कबूल करायला हवं.

आता गंमत बघा. चिप बसलेली असली की कंप्युटर स्वतःच्या मेमरीतले तक्ते सोडून चिपवरचे वाचतो. अशा ट्रकवर डीलरने नवा अपडेट मारला तर काय होणार? तो लिहिला जाणार कंप्युटरच्या मेमरीत, आणि गाडी चालणार चिपवर. अपडेट मधेच अडूही शकतो. म्हणून नियम एकच : वर्कशॉपमध्ये गाडी देण्याआधी चिप काढा. बरं, हे एवढ्यावर संपत नाही. चिप ज्या मूळ प्रोग्रामसाठी तयार केली, त्याचा एक कोड असतो. अपडेटनंतर तो कोड बदलला, तर जुनी चिप नव्या प्रोग्रामशी जुळेलच असं नाही. मग ट्रकमालक म्हणतो, डीलरने गाडी बिघडवली. डीलर म्हणतो, चिपने बिघडवली. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य असू शकतं.

(दृश्य : वर्कशॉप. ट्रकला जोडलेला लॅपटॉप, बॅटरीवर लावलेला चार्जर.)

अपडेट मारताना बॅटरीला चार्जर लावून ठेवतात तो उगाच नाही. जुने आकडे पुसून नवे लिहीत असताना व्होल्टेज पडलं, तर कंप्युटर अर्धवट पुसलेल्या अवस्थेत अडकतो. त्या क्षणी ट्रक म्हणजे नुसतं लोखंड.

पण डीलरचा अपडेट म्हणजे कंपनीची सेवा आणि चिप म्हणजे बाहेरचा उपद्व्याप, अशी सरळ वाटणी करून चालत नाही. त्यासाठी १९९८ साली काय झालं ते बघावं लागेल.

(दृश्य : रात्रीचा हायवे. एकामागोमाग एक जाणारे ट्रेलर.)

ऑक्टोबर १९९८. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने, म्हणजे ईपीएने, आणि न्याय खात्याने सात इंजिन कंपन्यांशी झालेला समझोता जाहीर केला. कॅटरपिलर, कमिन्स, डेट्रॉइट डिझेल, मॅक, नॅव्हिस्टार, रेनॉ आणि व्होल्वो. सरकारचा आरोप असा, की सुमारे १३ लाख इंजिनांच्या कंप्युटरमध्ये चकवा बसवलेला आहे. प्रमाणपत्राची चाचणी सुमारे वीस मिनिटांची, सतत वेग बदलणारी. तिच्यात इंजिन शहाण्यासारखं वागायचं. हायवेवर एकाच गतीने धावू लागलं, की कंप्युटर ते ओळखायचा आणि टायमिंग पुढे सरकवायचा. डिझेल वाचायचं, आणि नॉक्स मर्यादेच्या तिपटीपर्यंत जायचा.

कंपन्यांनी ८ कोटी ३४ लाख डॉलर दंड भरला. पर्यावरण कायद्याखालचा तोवरचा तो सर्वांत मोठा दिवाणी दंड. गुन्हा केल्याचं मात्र त्यांनी मान्य केलं नाही.

म्हणजे चिपवाले पुढे जी युक्ती पाकिटात घालून विकू लागले, ती लाखो ट्रकांत कारखान्यातूनच बसून आली होती. मला या सगळ्या प्रकरणात हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते.

समझोत्यात एक कलम होतं. या जुन्या इंजिनांसाठी कंपन्यांनी कमी नॉक्सचा प्रोग्राम तयार करायचा, आणि इंजिन रिबिल्डला आलं की तो त्यात भरायचा. कागदावर छान. पण ट्रेलरचं इंजिन काही लाख मैल धावल्याशिवाय उघडतच नाहीत. आणि मालकाने आपणहून यावं तरी का? या अपडेटने त्याला मिळणार काय, तर कमी ॲव्हरेज. ज्याचा धंदा डिझेलच्या खर्चावर उभा आहे, त्याला हे कोण पटवून देणार? अपेक्षेच्या मानाने फारच थोडे ट्रक आले. कॅलिफोर्नियाने शेवटी अपडेट सक्तीचा करायचं ठरवलं. त्याविरुद्ध उद्योग कोर्टात गेला आणि तो नियम टिकला नाही.

(दृश्य : पिकअप ट्रकच्या सायलेन्सरमधून निघणारा काळा लोट.)

२००७ नंतर अमेरिकेत नव्या डिझेल गाड्यांना काजळी अडवणारा फिल्टर आला. २०१० च्या सुमारास नॉक्स मारण्यासाठी युरियाचं पाणी फवारणारी यंत्रणा आली. इंजिनात तयार झालेला नॉक्स बाहेर पडायच्या आधीच मारता येऊ लागल्यावर टायमिंगवरचा दाब बराच हलका झाला. पण फिल्टर तुंबतो, सेन्सर बिघडतात, खर्च येतो. तेव्हा चिपची जागा हातात मावणाऱ्या ट्यूनरने घेतली. ड्रायव्हरच्या पायापाशी असलेल्या सॉकेटला जोडायचा, काही मिनिटांत नवा प्रोग्राम आत. त्यातले काही नुसती ताकद वाढवायचे, तर काही फिल्टर आणि युरियाची यंत्रणा काढून टाकली तरी कंप्युटरला तक्रार करू द्यायचे नाहीत.

ईपीएने २०२० मध्ये अंदाज दिला : आधीच्या दशकभरात साडेपाच लाखांहून जास्त डिझेल पिकअपमधून या यंत्रणा काढून टाकल्या गेल्या, आणि त्यांच्या आयुष्यभरात ५ लाख ७० हजार टनांहून जास्त नॉक्स जादा बाहेर पडेल. हा हिशेब फक्त पिकअपचा. मोठे ट्रेलर त्यात धरलेलेच नाहीत.

सगळेच ट्यूनर बेकायदा नाहीत, हेही सांगायला हवं. प्रदूषण वाढत नाही हे दाखवून कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाकडून मंजुरीचा नंबर मिळवता येतो आणि तो असलेला ट्यूनर बिनधास्त विकता येतो. पण त्या नंबराच्या मालाची जाहिरात जरा सौम्य असते. गिऱ्हाईक धावतं ते दुसऱ्याकडे.

आणि कंपन्या सुधारल्या का? जानेवारी २०२४ मध्ये कमिन्सने १६७.५ कोटी डॉलरचा दिवाणी दंड मान्य केला. अमेरिकेच्या स्वच्छ हवा कायद्यातला आजवरचा सर्वांत मोठा. आरोप २०१३ ते २०१९ च्या सुमारे ६ लाख ३० हजार राम पिकअपच्या इंजिनांबद्दल होता : कंप्युटरमध्ये न सांगितलेला चकवा. गुन्हा याही वेळी मान्य केला नाही. उपाय? गाड्या परत बोलवा आणि डीलरकडे नवा अपडेट मारा. कमिन्स हे नाव पुणेकरांना कोथरूडच्या कारखान्यामुळे साठच्या दशकापासून ठाऊक आहे. ही इंजिनं मात्र इथली नव्हेत, अमेरिकेतल्या इंडियानातली.

(दृश्य : स्कॅनरच्या पडद्यावर उमटलेली अक्षरं आणि आकडे.)

वॉरंटीचं काय? अमेरिकेत १९७५ पासून कायदा आहे. केवळ बाहेरचा पार्ट बसवला एवढ्यावरून कंपनी वॉरंटी नाकारू शकत नाही, बिघाड त्या पार्टमुळे झाला हे दिसलं पाहिजे. त्यामुळे चिप काढून, मूळ प्रोग्राम परत भरून, साळसूद चेहऱ्याने वर्कशॉपमध्ये जाणारे खूप निघाले. कंपन्याही हुशार झाल्या. कंप्युटरमधल्या प्रोग्रामवरून एक पडताळणीचा आकडा निघतो. तक्त्यातला एक चौकोन जरी बदलला, तरी तो आकडा बदलतो. जनरल मोटर्सने डुरामॅक्स या आपल्या डिझेल इंजिनाच्या वॉरंटीच्या मोठ्या दाव्यांआधी स्कॅनरवरच्या या आकड्याचा फोटो काढून पाठवायचं काम डीलरांना लावलं. तो कंपनीच्या नोंदीशी जुळला नाही, की दाव्याची चौकशी सुरू.

ऑगस्ट २०२५ मध्ये वारं उलट्या दिशेनेही फिरलं. युरिया संपला किंवा त्याच्या सेन्सरने चुकून तसं कळवलं, की मालकाने युरिया भरावाच म्हणून ट्रक आपला वेग कमी करत ताशी पाच मैलांपर्यंत येतो. भर हंगामात शेतावर किंवा आडरानातल्या रस्त्यावर हे झालं की ड्रायव्हर काय बोलत असेल, ते निवेदनात सांगण्यासारखं नाही. ईपीएने कंपन्यांना सांगितलं, जुन्या गाड्यांसाठी हा धाक सौम्य करणारे अपडेट काढा, आणि २०२७ च्या मॉडेलपासून ट्रक असा एकाएकी पांगळा होता कामा नये. ट्रकवाल्यांना हवासा वाटणारा अपडेट इतक्या वर्षांनी आला.

(दृश्य : मुंबई-आग्रा महामार्ग. ढाब्यासमोर उभे ट्रक, टाकीवर निळं झाकण.)

आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून बीएस सहा लागू झालं आणि निळ्या झाकणाची युरियाची टाकी ट्रकवर नेहमीची झाली. त्यापाठोपाठ ती यंत्रणा बंद असूनही चालू भासवणाऱ्या डब्या आल्याच. कायदा आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत असे फेरफार करू देत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

पण पकडणार कोण? पीयूसीच्या केंद्रावर सायलेन्सरमध्ये नळी घालून ॲक्सिलरेटर दाबतात आणि धुराची दाटी मोजतात. डिझेल गाडीचा नॉक्स तिथे मोजतच नाहीत. युरिया तोडलेल्या ट्रकाचा फिल्टर शाबूत असेल, तर नळीत काजळी जेमतेम येते, मशिनवर आकडा नियमात बसतो आणि ट्रक सर्टिफिकेट घेऊन निघून जातो.