चाळीस पौंडांची जबानी

(दृश्य: काळ्या कापडावर चांदीचं जुनं नाणं. कॅमेरा कडेभोवती सावकाश फिरतो.)

या नाण्याची कड पाहा. इकडे गोलाई आहे, तिकडे सरळ रेघ. ही झीज नव्हे. इथे कात्री चालली आहे.

सतराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये ऐरणीवर पाडलेली नाणी मुळातच वेडीवाकडी असायची. कडेची चिमूटभर चांदी उतरवली तरी घेणाऱ्याच्या चटकन ध्यानात येत नसे. छाटलेले तुकडे मुशीत वितळवायचे, लगड करायची आणि काही न विचारणारा सोनार गाठायचा. १६९५ च्या सुमारास चलनातल्या अशा नाण्यांचं वजन जवळपास निम्म्यावर आलं होतं.

(दृश्य: हातोड्याचा घाव. मूळ आवाज तसाच ठेवावा.)

खालचा ठसा ऐरणीत रोवलेला. त्यावर चांदीची चकती. वरचा ठसा हातात धरलेला. आणि एक घाव. शेकडो वर्षं नाणं असंच पडत होतं.

(दृश्य: टॉवर ऑफ लंडन, दोन तटांमधली अरुंद गल्ली.)

या दोन तटांच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात टांकसाळ होती. १६६२ पासून इथे यंत्रांवर नाणी पडू लागली. घोड्यांनी फिरवलेल्या रुळांमधून चांदीचा पत्रा निघायचा, त्यातून चकत्या कापायच्या आणि स्क्रू-प्रेसखाली, म्हणजे पेचाच्या दाबयंत्राखाली, ठसा उमटायचा. खरी करामत कडेची होती. मोठ्या नाण्याच्या कडेवर लॅटिन अक्षरं कोरली जात. त्यांचा अर्थ ‘शोभा आणि रक्षण’. कड कोरणाऱ्या कारागिरांकडून गुप्ततेची शपथ घेतली जाई. अशा नाण्याला कात्री लावली की चोरी लगेच उघडी पडायची.

पण जुनी हलकी नाणीही बाजारात चालूच होती. मग भरल्या वजनाचं नवं नाणं खर्च कोण करणार? ते पेटीत जायचं, मुशीत जायचं, नाहीतर चांदी होऊन समुद्रापार जायचं. शेवटी १६९६ मध्ये सरकारनं जुनी नाणी परत मागवली आणि देशभराची चांदी नव्यानं पाडायला घेतली. त्याच वसंतात टांकसाळीचा नवा वॉर्डन, म्हणजे वरिष्ठ अधिकारी, रुजू झाला. वय ५३. केंब्रिजचे गणिताचे प्राध्यापक, आयझॅक न्यूटन.

(दृश्य: पत्र्याची पेटी, मातीचे साचे, कानस, वितळतं कथील.)

नव्या नाण्याची कड छाटता येईना, तेव्हा लोक अख्खं नाणंच खोटं पाडू लागले. खऱ्या नाण्याचा साचा घ्यायचा, त्यात हलका धातू ओतायचा, वर चांदीचा मुलामा द्यायचा आणि कडेसाठी वेगळं हत्यार बनवायचं. हे काम एकट्यानं होत नसे. ठसा कोरणारा एक, ओतणारा दुसरा, कड घासणारा तिसरा. तयार माल खपवायला बहुतेकदा बायका जायच्या. पाव, भाजी, कापड घ्यायचं, खोटं नाणं द्यायचं आणि उरलेले खरे पैसे घेऊन यायचं.

खोटं नाणं पाडणं हा राजद्रोह होता. आता नुसती हत्यारं बाळगणंही राजद्रोह ठरलं. गुन्हेगार पकडून दिला आणि गुन्हा शाबीत झाला, तर बक्षीस ४० पौंड. मजुराला वर्षभर राबूनही इतके मिळत नसत.

(दृश्य: लंडनमधल्या क्यू इथलं राष्ट्रीय अभिलेखागार. बांधीव खंड उघडतो. पानांचे जवळून शॉट. इथे घाई करू नये.)

आमचा कॅमेरा सर्वांत जास्त वेळ या पानांवर राहिला. या जबान्या आहेत. नाव, धंदा, वस्ती, आणि मग एकच लांबलचक वाक्य: अमक्याच्या घरी गेली, चुलीवर धातू पाहिला, अमक्यानं तमक्याला खोटी नाणी दिली. शब्द जबानी देणाऱ्याचे असतील, पण कागदावर उतरवणारा हात कारकुनाचा आहे. ‘मी’ कुठेच नाही. ‘सदर इसम सांगतो की’, ‘सदर बाई सांगते की’. खाली न्यूटनची सही.

खोटं नाणं पाडणाऱ्यांना धरण्याचं हे काम न्यूटनला नको होतं. १६९६ मध्येच त्यानं वरिष्ठांना लिहून सुटका मागितली. त्या पत्रात त्यानं एक गोष्ट अगदी स्पष्ट मांडली आहे: ४० पौंडांच्या बक्षिसामुळे ज्युरी साक्षीदारांवर विश्वास ठेवायला तयार नाही, आणि पैशासाठी शपथ घेता म्हणून माझ्या माणसांना लोक टोचून बोलतात. हे वाक्य आम्हाला फार महत्त्वाचं वाटतं. जबान्या घेणाऱ्यालाच त्यांतली खोट ठाऊक होती.

सुटका मिळाली नाही. मग तो या कामात पुरता उतरला. लंडनभोवतालच्या परगण्यांत दंडाधिकाऱ्याचे अधिकार मिळवले. खबरे ठेवले. गाडीभाडं, दारूचे गुत्ते आणि तुरुंगातल्या फेऱ्या यांपोटी त्यानं १२० पौंडांचा खर्च मागितला, तो हिशोब शिल्लक आहे. जून १६९८ पासून पुढच्या वर्षाच्या नाताळापर्यंत त्यानं शंभराहून जास्त जबान्या घेतल्या.

आता समोर बसलेल्याचा विचार करा. तो लंडनच्या न्यूगेट तुरुंगाच्या कोठडीतून आला आहे. गप्प राहिला तर फास. दुसऱ्याचं नाव घेतलं तर कदाचित जीव वाचेल. ज्याचं नाव घेतलं, तो उद्या याच जागी बसणार आणि तिसऱ्याचं नाव घेणार. ही साखळी न्यूटननं कडी-कडीनं ओढली. या पानांतला प्रत्येक शब्द अशा जागी बोललेला आहे. तो वाचताना सराफासारखा वाजवूनच घ्यायला हवा.

(दृश्य: ओल्ड बेली, लंडनचं फौजदारी न्यायालय. न्यूगेट तुरुंग इथेच होता.)

विल्यम चॅलोनर. बर्मिंगहॅममध्ये खिळे करणाऱ्याकडे उमेदवारी करून लंडनला आलेला माणूस. गिनी आणि फ्रेंच पिस्तोल ही सोन्याची नाणी खोटी पाडली आणि वर टांकसाळीचा कारभार ढिसाळ आहे म्हणून पार्लमेंटपुढे तक्रारही नेली. १६९७ मध्ये न्यूटननं त्याला धरलं, पण मुख्य साक्षीदार पैसे घेऊन स्कॉटलंडला निघून गेला आणि खटला कोसळला. दुसऱ्या वेळी न्यूटननं घाई केली नाही. जुने सोबती, सोबत्यांच्या बायका, कोठडीत शेजारी ठेवलेले कैदी, सगळ्यांना बोलतं केलं. ३ मार्च १६९९ ला खटला उभा राहिला आणि चॅलोनर दोषी ठरला.

(दृश्य: पत्राचा कागद. निवेदकानं संथ वाचावं.)

“तुमच्यावाचून मला कुणी वाचवू शकत नाही. अरे देवा! तुम्ही वाचवलं नाहीत तर माझा खून होईल.”

चॅलोनरचं हे पत्र न्यूटनच्या नावे आहे. त्याचं उत्तर गेलं नाही.

(दृश्य: मार्बल आर्चजवळ टायबर्नच्या फाशीच्या जागेची खूण. वाहनं जातात.)

त्याच महिन्यात चॅलोनरला इथे फाशी दिली. या गुन्ह्यात पुरुषांना फास होता, बायकांना जाळण्याची शिक्षा होती. ती १७९० पर्यंत कायद्यात राहिली.

(दृश्य: पुन्हा जबानीचं पान. कॅमेरा तळाशी जातो. संगीत नको.)

पुढे म्हातारपणी न्यूटननं आपल्या भाचजावयाला सांगितलं, की अशा जबान्यांच्या पेट्याच्या पेट्या आपण जाळायला हातभार लावला होता. ही पानं त्यातून उरली. सही न येणाऱ्यांनी इथे शाईनं खूण केली आहे. पुढचे काही क्षण निवेदन नाही.